पारोसा आकडा

"सर, हे तुम्हाला तरी कळलंय का?"

हा प्रश्न माझा नव्हता. नाझिया आणि अमृताचा होता. तोंड फक्त माझं. "पूछके दिखा ना, बड़ी आई बोलनेवाली," असं नाझिया कानात म्हणाली होती आणि अमृतानं शर्त लावली होती, विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू, नाही विचारलंस तर आमची दोघींची तू वाहायची. दप्तराचं मला काही नव्हतं. पण दहावीत आल्यापासून मला आवाज फुटलाय, आणि तो आहे की गेला हे मी रोज तपासून बघते, नव्या सायकलची घंटी उगीचच वाजवून बघावी तशी. नववीपर्यंत मी हजेरीला 'येस सर' म्हणायची ते पुढच्या बाकावरच्या मुलीच्या पाठीला ऐकू जाईल एवढंच. मग बोलायला लागले आणि कळलं की त्यात काही नसतं. तोंड उघडायचं आणि पुढं काय होतं ते जरा लांब उभं राहून बघायचं. तशी मी उभी राहिले आणि विचारलं. आम्ही विज्ञानाच्या लॅबमध्ये होतो. गायके सर फळ्यावर तीच आकृती दुसऱ्यांदा काढत होते, एक स्विच, त्याच्याखाली कपॅसिटर, पुढं एक त्रिकोण. त्रिकोणाची तिसरी बाजू राहिलेली असताना त्यांचा हात थांबला. मी मनात दोन उत्तरं तयार ठेवली होती, 'बाहेर उभी राहा' आणि 'उद्या वडलांना घेऊन ये'. सर वळले, खडूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "नाही गं. निम्मंच कळलंय."

वर्ग हसला. नाझियानं तोंडावर ओढणी धरली. मी हसले नाही, कारण माझ्या आत काहीतरी सरकल्यासारखं झालं होतं, झोपेत पायरी चुकल्यासारखं. मोठ्या माणसानं 'नाही' म्हणणं, तेही इतक्या साध्या आवाजात, भाजीत मीठ नाही म्हणावं तसं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्या घरी मोठ्यांना सगळं कळलेलं असतं. पप्पा चिकलठाण्याच्या एका कंपनीत क्वालिटीत आहेत. त्यांच्या हातात दिवसभर गेज असतो. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, एवढंच बघायचं. भोक कुणी पाडलं, कसं पाडलं, हे गेज विचारत नाही. मोनिकाताईच्या बाबतीतही त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. मोनिका माझी मोठी बहीण. ती आमच्या घरातून निघून गेली आणि तिनं लग्न केलं. कन्नडला राहते. तिचा नवरा तिथं शाळेत शिकवतो. त्याचं नाव धम्मपाल आहे, आणि हे नाव आमच्या घरात आजवर एकदाही उच्चारलं गेलेलं नाही. लईच वेळ आली तर 'त्यो' म्हणतात. ती गेली त्या संध्याकाळी पप्पा डबा पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "संपलं." आईच्या फोनमधला तिचा नंबर त्यांनी स्वतः ब्लॉक केला आणि मला फोन घेऊन द्यायचं ठरलं होतं ते तिथंच राहिलं. तेव्हापासून ताईबद्दल आमच्याकडं जे काही आहे ते त्या संध्याकाळचं आहे. नवीन काही आत आलेलं नाही.

"ये इकडं," सर म्हणाले. "तूच ये. प्रश्न विचारलाय तर हातही लाव."

आमच्या गटाचं यंत्र टेबलावर पडलं होतं. विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही शाळेच्या गच्चीवरच्या टाकीचं काहीतरी करत होतो. पाणी किती आहे ते एका सेन्सरनं मोजायचं, पाणी किती गरम आहे ते दुसऱ्यानं, आणि दोन्ही आकडे एका छोट्या पडद्यावर दाखवायचे. दोन सेन्सर, एकच चिप. टाकीच्या जागी टेबलावर एक बादली होती. अडचण अशी होती की बादलीत पाणी वाढवलं की तापमानाचा आकडाही वाढायचा. पाणी काढलं की तोही उतरायचा. "पाणी जास्त झालं की त्याला गर्मी होते, गर्दीत होते तशी," असं अमृताचं शास्त्र होतं. सरांनी फळ्यावर आकृती काढली होती ती याच्याच साठी, पण ती काढताना ते मधेच थांबत होते, पुसत होते, परत काढत होते. ते बघूनच नाझियाला शर्त सुचली होती.

"तुमच्याकडं नळ कितव्या दिवशी येतो?" सरांनी मला विचारलं.

"आठव्या, सर. कधी दहाव्या."

"मंग ऐक. नळ चालू असताना पिंपातलं पाणी हलत असतं. तेव्हा पट्टी लावून मोजता येईल का? नाही येणार. मोजेपर्यंत चढलेलं असणार. म्हणून काय करायचं, तोटी बंद. आता बाहेर नळ येऊ दे नाहीतर जाऊ दे, पिंपात आहे तेवढंच. ते निवांत मोजायचं. हे कपॅसिटर म्हणजे पिंप. हा स्विच म्हणजे तोटी. वीज सारखी हलती असते, तिचा एक क्षण धरायचा, आणि तो धरलेला असताना चिप त्याचा आकडा करते. आकडा झाला की पुन्हा तोटी उघडायची, पुढचा क्षण. एवढं मला कळलंय."

"और त्रिकोण, सर?" नाझियानं विचारलं. तिला आता दप्तराची काळजी लागली होती, तरी विचारलं.

"त्रिकोण म्हणजे बघणारा. पाण्याचा घोटही न घेता पातळी सांगणारा. कारण ते धरलेलं पाणी इतकं थोडं असतं की चव घेतली तरी कमी होईल. आणि पिंप तसंही गळतंच, थेंब थेंब. फार वेळ धरून ठेवलं तर आकडा खोटा होत जातो, आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही, कारण ताडून बघायला त्याच्याकडं दुसरं काही नसतं."

हे सर सहज बोलून गेले. मी लांब उभी राहून बघते म्हणाले ना, तशी त्या वाक्याकडंही लांबूनच बघत होते, आणि ते माझ्याकडं चालत आलं. कारण ताई जाताना मी तिला बघितलं होतं. ती चप्पल घालायला वाकली होती, खांद्यावरून वेणी पुढं आली होती, जाड, कमरेच्याही खाली जाणारी, आणि तिनं ती मागं टाकली आणि म्हणाली, "प्रेरू, दार लावून घे." बस, एवढंच. मला वाटलं ती क्लासला चाललीय. हे चित्र मी जपून ठेवलंय, रोज काढून बघते. पण सर 'थेंब थेंब' म्हणाले तेव्हा मी ते पुन्हा काढलं आणि लक्षात आलं की तिनं आधी कोणती चप्पल घातली ते आता दिसत नाही. आधी दिसायचं, पक्कं आठवतंय की दिसायचं. ओढणीचा रंग मी कधी पिवळा धरते, कधी मोरपंखी. आणि आवाज. 'प्रेरू' हा शब्द आहे, त्यातलं 'प्रे' लांबवलेलं आहे हेही माहीत आहे, पण ते लांबवणारा आवाज नाही. जागा आहे, आवाज नाही. मी स्वतःच ते मनात म्हणते आणि ते माझ्याच आवाजात येतं.

"मग सर, पाणी वाढल्यावर गरम का होतं?" अमृता म्हणाली.

"तेच निम्मं कळलेलं नाही." सरांनी डोकं खाजवलं. मग मला म्हणाले, "तापमानाची तार उपट बरं."

मी उपटली. आता दुसऱ्या सेन्सरच्या जागी काहीच नव्हतं, चिपचा उघडा पाय तेवढा. आम्हाला वाटलं शून्य येईल. पडद्यावर आकडा होताच. थोडा डळमळत होता पण होता. नाझियानं बादलीत तांब्याभर पाणी ओतलं, पहिला आकडा चढला, आणि त्याच्यामागून हाही चढला, काही जोडलेलं नसताना. तिनं पाणी काढलं. हाही उतरला, सावलीसारखा. "भूत है रे बाबा," नाझिया म्हणाली आणि तांब्या खाली ठेवला. मी त्या आकड्याकडं बघत राहिले. तिथं कुणी नाही. तार माझ्या हातात आहे. आणि तरी आकडा येतोय.

"पिंप एकच आहे," सर हळूच म्हणाले, स्वतःशीच. "नळ दोन, पिंप एक. आळीपाळीनं."

"म्हणजे सर," मी म्हणाले, "आधीच्याचं पारोसं पाणी राहिलंय त्यात."

सर माझ्याकडं बघून हसले. "पारोसं. व्हय. अगदी पारोसं." आणि त्यांनी फळ्यावर, त्या राहिलेल्या त्रिकोणाच्या शेजारी, तो शब्द लिहिला. मला बरं वाटलं. लईच बरं वाटलं, खरं सांगायचं तर. पण ते बरं वाटणं घंटा झाल्यावर, दोघींनी माझं दप्तर दोन्हीकडून धरून राणीच्या पालखीसारखं फाटकापर्यंत आणलं तोवरच टिकलं. रिक्षात बसल्यावर तो रिकामा पाय पुन्हा समोर आला.

घरी आई भाकरी थापत होती. ताटात शेंगदाण्याची चटणी होती. आमच्याकडं दोन चटण्या असतात. एक लसणाची, कुटलेली, तेल सुटलेली, ती आम्ही तिघं खातो. दुसरी बिनलसणाची, पांढुरकी, ती कुणीच खात नाही. ताईला लसूण चालायचा नाही. ती गेल्यावरही आई दर आठवड्याला ती वेगळी कुटते, वेगळ्या बरणीत भरते, आणि आठवड्यानं काढून दारच्या कुत्र्याच्या भाकरीवर घालते. मी हे रोज बघत होते, म्हणजे बघतच नव्हते. आज बरणी उघडली आणि हात थांबला, सरांचा थांबला होता तसा.

"आई, ही कुणासाठी गं?"

"कुणासाठी म्हंजे? चटणी हाय."

"पण कुणी खातं का?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली, आणखी एकदा उलटली. "हाताला सवय हाय," म्हणाली. मग चुलीपाशी असल्यासारखं तोंड बाजूला केलं, आमच्याकडं गॅस असून, धूर नसून. आणि दुसऱ्याच कुणीतरी बोलावं तशी बोलली, "कन्नडला लई गारठा असतो म्हणं या दिवसांत. घाटावरनं वारं येतं." मी म्हणाले, "असतो." ती म्हणाली, "तिला सर्दी लवकर धरती." आणि लगेच, "जेव मुकाट्यानं, शाळंतनं आली का तोंडाला दमच नाय तुझ्या."

पप्पा आले तेव्हा मी अभ्यासाला बसले होते. ते दारातूनच बघतात, आधी माझी चप्पल, मग मी. "आज उशीर झाला म्हणं."

"लॅब होती, पप्पा. यंत्राचं."

"कोण होतं बरोबर?"

"नाझिया, अमृता."

"आजून कोण?"

"गायके सर. आणि एक बादली."

आई आतून हसली, पप्पा हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते, आणि मला एकाएकी दिसलं ते काय बघत होते. मी तिथं होते, माझं तोंड, माझ्या बोटांना लागलेला खडू, हे सगळं त्यांच्या समोर होतं, पण त्यांच्या आत जो आकडा उठत होता तो माझा नव्हता. 'आजून कोण' हा प्रश्न ताईचा होता. उशीर हा शब्द ताईचा होता. माझ्याकडं फोन नाही तो ताईमुळं, मी सिटी बसनं जात नाही आणि ओळखीच्या रिक्षानं जाते ती ताईमुळं. मी हसले की ते ज्या तऱ्हेनं मान वर करतात तीही ताईच्या हसण्यासाठी होती. त्यांनी एका नळावरून दुसऱ्या नळावर तोटी फिरवली होती, पण पिंप कधी रिकामं केलंच नव्हतं. मला राग आला नाही. राग यायला हवा होता असं वाटलं, मी आत शोधला, तो सापडला नाही. सापडलं ते काहीतरी गार, स्वच्छ, काचेसारखं. म्हणजे हे असं आहे, असं मी स्वतःला म्हणाले. त्या रात्रीच्या जेवणात पप्पांनी पाणी मागताना मला "मोनि" म्हणून हाक मारली, नेहमीसारखीच अर्ध्यात तोडली, आणि नेहमीसारखंच आम्ही तिघांनी ती ऐकली नाही.

रिक्षात अमृतानं मला एक गोष्ट सांगितली होती, त्याला आठवडा झाला असेल. तिची मावशी कन्नडला असते. मावशीला बाजारात ताई दिसली. "केस कापलेत म्हणे तुझ्या ताईनं, खांद्यापर्यंत. आणि स्कूटी चालवती. मावशीला थांबवून तुझं विचारलं, दहावीत गेली का म्हणून." मी तेव्हा काय म्हणाले? मी म्हणाले, "नाही गं, ताईचे केस लांब आहेत." अमृता माझ्याकडं बघत राहिली आणि तिनं विषय बदलला. मी इतक्या खात्रीनं म्हणाले होते की मावशीच चुकली असणार असं मलाही वाटलं. आता अंथरुणावर पडल्यापडल्या मी ताईला खांद्यापर्यंतचे केस लावून बघायचा प्रयत्न केला. होईना. वेणी परत परत उगवायची. तेव्हा कळलं, पप्पांना कशाला नावं ठेवायची. मी पण तोटी बंद करूनच बसलेय. बाहेर ती केस कापतेय, स्कूटी शिकतेय, बाजार करतेय, दुकानदाराशी घासाघीस करत असेल, रागावत असेल, सर्दी होत असेल, हसत असेल, आणि आम्ही तिघं एका वाकून चप्पल घालणाऱ्या मुलीला धरून बसलोय, जी आता कुठंच नाही. आणि तीही गळतेय. आणखी एखादं वर्ष गेलं की माझ्याकडं वाकलेली पाठ तेवढी राहील. मग तीही कुणाची ते आठवणार नाही.

मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. छताच्या कोपऱ्यात सिमेंटचा एक डाग आहे, तो बघत होते. लहान असताना ताई म्हणायची तो डाग म्हणजे बसलेला ससा आहे. मला तो कधीच ससा दिसला नाही. मी हो म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सर लॅबमध्ये आमच्या आधी येऊन बसले होते. डोळे लाल होते, तरी सर मजेत होते. "कळलं," म्हणाले. "पूर्ण नाही, पण पाऊण." झालं असं होतं की तापमानाच्या सेन्सरला आम्ही लावलेला रोध, म्हणजे रेझिस्टर, फारच मोठा होता, हजारपट मोठा. पेटीत तोच हाताला लागला म्हणून नाझियानं लावला होता. "म्हणजे नळी लई बारीक," सर म्हणाले. "तोटी उघडी असते एवढासा वेळ. तेवढ्यात बारीक नळीतून नवीन पाणी येणार किती? चमचाभर. बाकी सगळं आधीच्याचं. चिपची चूक नाही. तिनं जे पिंपात होतं तेच प्रामाणिकपणे मोजलं. पिंप भरायला वेळ मिळाला नाही एवढंच."

"मैंने बोला था ना भूत नहीं है," नाझिया म्हणाली.

"तूच म्हणाली होतीस भूत आहे," अमृता म्हणाली.

"मग आता काय करायचं, सर?" मी विचारलं. हा प्रश्न माझा होता. यावर शर्त नव्हती.

"एक तर नळी मोठी करायची, रोध बदलायचा. तो उद्या आणतो. पण तोवर आणखी एक रीत आहे, आणि रोध बदलला तरी ती पाळायची. नळ बदलला की पहिलं रीडिंग घ्यायचं आणि टाकून द्यायचं. ते बघायचंसुद्धा नाही. ते आधीच्याचं असतं. मग थांबायचं जरा. मग दुसरं घ्यायचं."

"आणि दुसरं खरं असतं?"

सरांनी विचार केला. मला ते आवडतं त्यांचं, ते विचार करताना दिसतात. "अगदी खरं नसेल. पण खऱ्याच्या बाजूला सरकलेलं असतं."

आम्ही तसं केलं. पहिलं रीडिंग घेऊन टाकून दिलं, थांबलो, दुसरं घेतलं. बादलीत पाणी ओतलं. तापमानाचा आकडा हलला, पण काल हलायचा तसा नाही, थोडासाच. मग नाझियानं सेन्सर मुठीत धरला आणि आकडा चढायला लागला, सावकाश, तिच्या तळहाताच्या उबेनं, बादलीचा काही संबंध नसताना. "ये मेरा है," ती ओरडली, "ये मेरा नंबर है!" मी बघत होते. माझ्या डोक्यात यंत्र नव्हतंच. माझ्या डोक्यात आमच्या दारातला नळ होता. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं तेव्हा आधी फुसफुस होते, मग लालसर, गंजाचं, आठ दिवस पाइपात निजलेलं पाणी येतं. ते कुणी भरत नाही. ते गटारात सोडतात. पप्पा स्वतः पाइप धरून उभे राहतात, ओंजळीत घेऊन बघतात, वास घेतात, "आजून नाय," म्हणतात, "थांब आजून." आख्ख्या शहराला हे येतं. पाण्याचा इतका दुष्काळ, आणि तरी पहिलं पाणी सोडून द्यायचं हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याला कुणी वाया गेलं म्हणत नाही. मग बोलण्याचंच का भरून ठेवतो आम्ही? पप्पांनी त्या संध्याकाळी 'संपलं' म्हटलं ते पहिलं पाणी होतं. डबा पुसता पुसता आलेलं, त्यांच्या आधीच्या कितीतरी माणसांच्या पाइपांत निजून गंजलेलं. आम्ही ते सोडून दिलं नाही. पिंप भरून ठेवलं, वर झाकण ठेवलं, आणि तेव्हापासून तेच पीत बसलोय. दुसऱ्यांदा त्यांना कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. माझा आवाज फुटलाय म्हणे.

शनिवारी सकाळी नळ आला. पप्पांची दुसरी पाळी होती, ते घरी होते. गल्लीत सगळीकडं एकदम मोटारींचा आवाज सुरू झाला, बादल्या आपटल्या, कुणीतरी कुणालातरी पाइप ओढल्यावरून शिव्या घातल्या. आईनं आठ दिवसांचं पारोसं पाणी पिंपातून काढून पायऱ्यांवर ओतायला घेतलं. पप्पा लुंगी खोचून पाइप धरून गटाराच्या कडेला उभे होते. फुसफुस झाली, पाणी आलं, लालसर. ते वाहायला लागलं. पप्पांनी ओंजळ भरली, बघितली, सोडून दिली. "आजून नाय." मी उंबऱ्यात उभी होते. मला दिसत होतं की आईच्या हातातली बादली अर्धी आहे, पप्पांच्या पायाला गटाराचे शिंतोडे उडालेत, त्यांच्या मानेवरचे केस मागून पांढरे झालेत. ते कधी झाले? हेही मी बघितलं नव्हतं. माझ्याकडं त्यांचे काळेच होते.

"मोनि..." पप्पा मागं न बघता म्हणाले, थांबले. "प्रेरणा, मोटर लावू नको आजून, मी सांगतो."

आई ओतायची थांबली. पाइपातून लाल पाणी वाहत होतं. या वेळी मी ती अर्धी हाक ऐकली, आणि मला ती ऐकू आली हे त्या दोघांनाही कळलं.

"पप्पा," मी म्हणाले, "उद्या सकाळच्या एसटीनं मी कन्नडला जाणारय. मोनिकाताईकडं. ताईकडं आणि धम्मपाल भाऊजींकडं. विचारत नाही, सांगतेय. आई, ती पांढरी चटणी बांधून दे, या आठवड्याची कुत्र्याला घालू नको." पप्पा वळले. त्यांचं तोंड उघडलं, आणि काय येणार ते मला माहीत होतं, म्हणून मी हात वर केला, वर्गात करतात तसा. "आत्ता जे म्हणाल ते मी ऐकून घेईन, पप्पा, पण धरणार नाही. ते पहिलं पाणी, ते जाऊ द्या गटारात. मी इथंच उभी आहे, पिंप भरेपर्यंत. त्यानंतर तुम्ही जे म्हणाल ते, जसंच्या तसं, मी उद्या ताईला सांगणारय."